चालून आल्यावर बाबांचं बीपी १६८! फिरणं चालू ठेवावं का?

पायवाट

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे, पण इथे जाणकार बरेच आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

बाबा ७३ वर्षांचे, पुण्यात सहकारनगरला राहतात. बीपी जुनंच आहे. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन रोज सकाळी. शुगर नाही, हृदयाची काही तक्रार नाही. निवृत्त झाल्यापासून तळजाई टेकडीवर फिरायला जायचा नेम. दिवाळीत ताईने त्यांना बीपीचं मशीन भेट दिलं आणि तिथून सगळं बिनसलं. टेकडी उतरून आले की बूटही न काढता डायनिंग टेबलाशी बसतात, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात आणि बटण दाबतात. मशीन घरघरत असताना आईकडे "दूधवाला येऊन गेला का?" वगैरे चौकश्या चालूच. आकडा येतो १६८/७६, कधी १७२. तो कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाखाली लाल पेनाने लिहिला जातो.

असे बरेच लाल आकडे जमल्यावर त्यांनी ठरवून टाकलं की चालण्याने बीपी वाढतं. टेकडी बंद. आता गॅलरीत येरझाऱ्या आणि दिवसभर बातम्या. आत्याचं म्हणणं, "शंभर अधिक वय एवढं बीपी असायचंच, उगाच जिवाला त्रास कशाला?" डॉक्टरांकडे तोबा गर्दी, "चालत राहा काका" यापलीकडे बोलणं होत नाही.

व्यायामाने बीपी उतरतं असं सगळेच म्हणतात. मग आमच्याकडे ते चढतंय कसं? आणि या वयात कोणता व्यायाम, किती? वजनं उचलावीत का? एका मित्राने भिंतीला टेकून बसायचा व्यायाम सुचवलाय, तो खरंच कामाचा आहे का?

तिरफळ

आधी ते स्वेटरवरून बीपी मोजणं थांबवा हो! उघड्या दंडावर पट्टा, पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग बटण. मोजताना बोललं तरी आकडा वर जातो. लघवी तुंबलेली असली तरी जातो. चहा किंवा व्यायाम झाल्यावर निदान अर्धा तास थांबायचं. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहा.

आमच्या सोसायटीतले निम्मे काका पट्टा कोपरावरच बांधतात. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मिळतो. लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त दिसतो.

नाडीपरीक्षा

(आयडीवर जाऊ नका, मी एमडी मेडिसिन आहे. नाडी बघून निदान करत नाही.)

पायवाट, बाबांचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकलाय. चढ चढताना पायांच्या स्नायूंना रक्त जास्त लागतं, हृदय जोराने पंप करतं आणि वरचा आकडा वाढतो. वाढायलाच हवा. चढावर १७०-१८० होणं बीपीच्या पेशंटमध्ये काही विशेष नाही. खालचा आकडा मात्र तिथेच राहतो किंवा थोडा उतरतो. बाबांचा ७६ हेच सांगतोय.

खरी गंमत पुढच्या काही तासांत असते. चालणं थांबल्यावर स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या लगेच आकसत नाहीत, सैलच राहतात. मेंदूकडून त्यांना आवळायचे जे संदेश येतात तेही मंदावतात. त्यामुळे बीपी चालण्याआधी होतं त्याच्याही खाली येतं आणि कित्येक तास, काही जणांत जवळपास दिवसभर, खाली राहतं. ज्यांचं बीपी मुळात जास्त त्यांच्यात ही उतरण जास्त दिसते. बाबा नेमके बूट घालून बसलेले असताना मोजतात, म्हणजे चढ टिपतात आणि उतार त्यांच्या हातून सुटतो.

हे रोजच्या रोज घडत राहिलं की काही आठवड्यांत बैठकीचं, म्हणजे विश्रांतीच्या वेळचं बीपीच खाली सरकतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं, ते वाहिनीला सैल करतं. वाहिन्यांचा ताठरपणाही थोडा कमी होतो. वयस्कर माणसात याला महत्त्व आहे, कारण साठीनंतर महाधमनी कडक होत जाते. तिला फुगता येत नाही, म्हणून वरचा आकडा १६० आणि खालचा ७०-७५ असं चित्र दिसतं. "खालचं नॉर्मल आहे ना, मग ठीक" असं पेशंट नेहमी म्हणतात. ठीक नसतं. या वयात वरचाच आकडा जास्त बघायचा असतो.

आत्याबाईंचं 'शंभर अधिक वय' हे आमच्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांचंच देणं. २००८ साली हायव्हेट नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात फक्त ८० वर्षांवरची माणसं होती, ३,८४५. वरचं बीपी १५० च्या खाली आणायचं उद्दिष्ट ठेवून औषध दिलं, तर कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले आणि हार्ट फेल्युअर तर निम्म्याहून खाली आलं. आत्याबाईंच्या सूत्राने त्या लोकांना १८० चालायला हवं होतं.

तांबडापांढरा

आमच्याकडं कोल्हापुरात रंकाळा तलावावर पहाटे पाचपासून म्हातारी माणसं गोल गोल फिरत असतात. त्यातल्या निम्म्यांना बीपी हाय आणि गोळ्याही चालू हायत. मग फिरून काय उपयोग झाला? मी वाचलंय की व्यायामानं चार-पाच पॉइंट उतरतात फक्त. तेवढं तर मशीनचं इकडंतिकडं होतंय. त्यापेक्षा गोळीची पॉवर वाढवा आणि निवांत झोपा की राव!

नाडीपरीक्षा

तांबडापांढरा, वाचलंय ते बरोबर आहे. २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्यांचा एकत्र हिशेब आला होता, जवळपास १६ हजार माणसं. चालणं-पळणं-सायकल या प्रकारात वरचा आकडा सरासरी साडेचार, वजनांच्या व्यायामातही साडेचार, दोन्ही मिळून सहा, आणि एकाच स्थितीत स्नायू ताणून धरायच्या व्यायामात आठच्या आसपास उतरला.

पण त्या सरासरीत बीपी नसलेली, तरुण माणसंही आहेत. ज्याचं मुळात ११५ आहे त्याचं उतरून उतरणार किती? २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यात हे वेगळं काढून दाखवलंय. चालण्यासारख्या व्यायामाने बीपीच्या पेशंटमध्ये ८/५ ची घट, नॉर्मल लोकांत जेमतेम एक. आठ म्हणजे जवळजवळ एका गोळीचं काम.

आणि पाचला हसू नका. २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये ४८ औषधचाचण्या एकत्र केल्या, साडेतीन लाखांच्या जवळपास माणसं. वरचं बीपी पाचने उतरलं की हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात असे मोठे प्रसंग सुमारे १० टक्क्यांनी घटतात. हा आकडा गोळ्यांच्या अभ्यासातला आहे, व्यायामाने उतरलेल्या पाचलाही तंतोतंत लागू पडेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण गोळीने गुडघे, तोल, झोप, शुगर यांतलं काहीही सुधारत नाही.

रंकाळ्यावरच्या मंडळींचं म्हणाल, तर ती फिरली नसती तर त्यांना किती गोळ्या लागल्या असत्या हे तुम्ही कसं मोजणार? तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी न उतरणाऱ्यांवर पोर्तुगालमध्ये झालेला एक छोटा अभ्यास २०२१ साली छापून आला. आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे व्यायाम. २४ तास पट्टा बांधून मोजलेल्या बीपीत वरचा आकडा सातने उतरला. जिथे औषधं थकली होती तिथे.

तांबडापांढरा

बरं, असंल. पण पहाटे पाचला थंडीत जाऊन कुडकुडायचं ते कशाला, हे माझं अजून म्हणणं हाय.

ओसरी

या एका मुद्द्यावर मी तांबडापांढरांच्या बाजूने. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, शिवाय पहाटे ते आपोआपही चढत असतं. मी टोरंटोला राहते. आई इथे आली की हिवाळ्यात बाहेर चालायचा प्रश्नच नसतो. इथले म्हातारे लोक दुकानं उघडायच्या आधी मॉलमध्ये जाऊन चालतात, चक्क घोळक्याने. आईला आधी लाज वाटायची, "दुकानं बंद आणि आपण काय फिरतोय चोरासारखं." आता तिचा एक पंजाबी आजींचा कंपू झालाय आणि मीच घरी वाट बघत बसते.

तुमच्याकडे पुण्यात ऊन वर आल्यावर आठला निघा की. कानाला मफलर बांधा आणि पहिली पाच-सात मिनिटं रमतगमत चाला.

अजून एक. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला होता, ५५ ते ८० वयाच्या स्थूल माणसांवर. सकाळी अर्धा तास ट्रेडमिलवर चालवलं तर पुढचे आठ तास बीपी कमी राहिलं. त्याला दर अर्ध्या तासाने उठून तीन मिनिटं चालण्याची जोड दिली तर आणखी उतरलं, आणि तो वाढीव फायदा बायकांमध्ये दिसला. आईला मी मालिकेच्या प्रत्येक ब्रेकला उठवते. त्यामुळे कौतुकाचे शब्द मिळत नाहीत, पण उठते.

भुईकमळ

मी फिजिओ आहे, नाशिकला. वजनांबद्दल विचारलंय म्हणून लिहिते.

बीपीवाल्याने वजन उचलू नये ही समजूत हवेतून आलेली नाही. १९८५ साली कॅनडात काही तरुण शरीरसौष्ठवपटूंच्या हाताच्या धमनीत सुई ठेवून, ते जड लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचा व्यायाम) मारत असताना बीपी मोजलं होतं. सरासरी ३२०/२५० आलं, एकाचं तर ४८० पार! पण तिथे वजन पेलण्याच्या टोकाला होतं आणि पठ्ठे श्वास कोंडून कुंथत होते. श्वास कोंडणं हाच मुख्य खलनायक. तेच आजोबा घरी वीस लिटरचा पाण्याचा जार उचलताना करतात, जड कपाट सरकवताना करतात आणि बद्धकोष्ठ असेल तर रोज सकाळी संडासातही करतात. तिथे कुणी "जपून" म्हणत नाही.

हलकं वजन, दहा-पंधरा वेळा आरामात उचलता येईल इतपत, आठवड्यातून दोन-तीन दिवस. हे चालतं, नव्हे, साठीनंतर हवंच, कारण पायातली ताकद गेली की चालणंच बंद पडतं. मी पेशंटला मोठ्याने आकडे मोजायला लावते. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडताच येत नाही. सुरुवात खुर्चीतून हात न टेकता उठण्यापासून. एक आजोबा "एक, दोन" ऐवजी रामरक्षा म्हणत उठायचे, तेही छान चालतं. पुढे रबरी पट्टा, मग अर्धा किलोचे डंबेल.

भिंतीला टेकून बसायचं म्हणाल, तर नाडीपरीक्षांनी जो 'आठ'चा आकडा दिलाय तो अशाच व्यायामांचा. अभ्यासात बहुधा दोन मिनिटं धरायचं, मध्ये विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस अशी पद्धत असते. पण ७३ वर्षांच्या गुडघ्यांना मी थेट काटकोनात बसवणार नाही. भिंतीला पाठ लावून थोडंसंच खाली घसरायचं, पावलं भिंतीपासून पुढे, शेजारी खुर्ची आधाराला, आणि सुरुवातीला वीस-तीस सेकंदच. गुडघे दुखत असतील तर हाताने दाबायचं ग्रिप घ्या. पूर्ण ताकदीच्या साधारण तीस टक्के जोराने दोन मिनिटं दाबून धरायचं. इथेही श्वास चालू हवा, नाहीतर करायला गेलो एक असं होईल.

बाबांना फक्त एकच गोष्ट करायची असेल तर चालणंच करू द्या. माणूस जे सोडणार नाही ते मी आधी देते.

मुरांबा

माझा अनुभव थोडा वेगळा. सासरे ६८ चे होते तेव्हा एका शिबिरात गेले. चालणं, आसनं, बिनमिठाचं जेवण, सगळं मनापासून. बीपी खरंच १२४ वर आलं. मग तिथल्याच कुणीतरी सांगितलं की आता गोळ्यांची गरज नाही, आणि मामंजींनी घरी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. पाकिटं रिकामी दिसावीत म्हणून गोळ्या तुळशीत टाकायचे! काही महिन्यांनी जेवताना अचानक उजव्या हातातून घास पडायला लागला, बोलणं अडखळलं. दवाखान्यात पोचेपर्यंत हात पूर्ववत झाला होता, पण बीपी २१० होतं. नशिबाने निभावलं. तेव्हा व्यायाम जरूर करा, पण त्याच्या भरवशावर गोळीला परस्पर निरोप देऊ नका.

नाडीपरीक्षा

मुरांबा, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. तो १२४ गोळी आणि व्यायाम दोघांचा मिळून होता. व्यायामाचं श्रेयही टिकाऊ नसतं. फिरणं सुटलं की काही आठवड्यांत बीपी जुन्या जागी परततं.

उलट बाजूही सांगतो. व्यायाम, वजन, मीठ तिन्ही जमलं तर काहींना गोळ्या खरोखर जास्त होतात. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, घरचे आकडे सतत ११० च्या खाली. अशा वेळी आडवं पडून पाच मिनिटांनी बीपी मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने पडत असेल तर ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळी ते कमी करतील. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडणं हेही पक्षाघाताइतकंच महागात पडतं.

आसनांबद्दल: ज्यांचं बीपी आटोक्यात नाही त्यांनी शीर्षासन, सर्वांगासन, भस्त्रिका आणि श्वास कोंडणारा कुंभक टाळावा. संथ श्वसन, मिनिटाला सहाच्या आसपास, निर्धोक आहे आणि थोडा उपयोगही होतो.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. स्वेटर आता निघतो आणि मोजताना गप्प बसतात, म्हणजे आईला खुणा करतात. सकाळी गोळीआधी आणि रात्री जेवणाआधी मोजतोय. आकडे १३८ ते १४६ च्या दरम्यान आहेत, लाल पेनाची जागा निळ्याने घेतली. टेकडी पुन्हा सुरू झालीय, आठला निघतात. आता तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांचं बीपी मोजायलाही जायला लागलेत, ते कसं थांबवायचं याचा वेगळा धागा काढावा लागेल.

राहिलेले प्रश्न : किती वेगाने चालावं? ताईने घड्याळही दिलंय, त्यात नाडी दिसते. गोळी फिरायच्या आधी घ्यायची की नंतर?

भुईकमळ

चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. घड्याळाच्या नाडीवर जाऊ नका, विशेषतः ज्यांना मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी आहे त्यांनी. त्या गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, मग आजोबा ठरलेला आकडा गाठायला धावत सुटतात. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं धरा, दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात. टेकडीवरून आल्यावर एकदम खुर्चीत बसू नका, शेवटची पाच मिनिटं हळू चाला. चालणं एकदम थांबलं की रक्त पायात साठतं आणि भोवळ येते. अ‍ॅम्लोडिपिनवाल्यांनी हे जास्त पाळावं.

नाडीपरीक्षा

गोळीची वेळ : ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांना सकाळी किंवा संध्याकाळी गोळी देऊन पाच-एक वर्षं पाहिलं, निकाल २०२२ मध्ये आला. हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघातात फरक नाही. जी वेळ विसरत नाही ती वेळ. लघवी वाढवून बीपी उतरवणारी गोळी असेल तर मात्र टेकडीनंतर घ्या, कारण टेकडीवर सोय नसते. उन्हाळ्यात या गोळीवाल्यांनी पाण्याकडेही लक्ष द्यावं.

विश्रांतीचं बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना फोन. चालताना छातीत आवळल्यासारखं झालं, कळ जबड्यात किंवा हातात गेली, नेहमीच्या चढाला नवा दम लागला, तर तिथेच थांबायचं. "जरा पुढे जाऊन बसू" नाही. हृदयाचं दुखणं किंवा बरीच वर्षं शुगर असणाऱ्यांनी जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी तपासून घ्यावं. सपाटीवर रमतगमत चालायला सहसा कुणाच्या परवानगीची गरज नसते.

कोकमसार

उशिरा आलो, पण एक विचारतो. वडील ७६, बीपीची गोळी आहे आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन रात्री. व्यायाम सुरू केल्यापासून सकाळी पलंगावरून उठताना झोकांडी जाते. व्यायाम जास्त होतोय का?

नाडीपरीक्षा

प्रोस्टेटच्या या गोळ्या रक्तवाहिन्याही सैल करतात, त्यामुळे उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं. त्यात बीपीची गोळी आणि व्यायामाची उतरण यांची भर. वर लिहिलेली झोपून-उभं राहून मोजायची पद्धत दोन-तीन सकाळी करा. तोवर पलंगावरून थेट उभं राहायचं नाही. कडेला बसून घोटे दहा-वीस वेळा वरखाली हलवायचे, मग उठायचं. सकाळी उठल्या उठल्या व्यायाम नको, पाणी आणि नाश्ता झाल्यावर करा. आणि आकडे घेऊन बीपीच्या डॉक्टरांना प्रोस्टेटची चिठ्ठीही दाखवा. यूरोलॉजिस्टने काय दिलंय हे त्यांना बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.